नावाआधीचं अक्षर

आमच्या कंपनीत एका ड्रॉइंगच्या फाइलचं नाव होतं ‘फायनल’. दुसरीचं ‘फायनल नवीन’, तिसरीचं ‘हाच फायनल’ आणि चौथीचं ‘साहेब ओके हाच घ्या’. पाचवीचं नाव होतं नुसतं ‘हा नको’, आणि शॉपवर, म्हणजे जिथं माल बनतो तिथं, छापून गेलं ते नेमकं तेच. त्या दिवशी मी इंजिनिअर मंडळींना जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या त्या कंपनीत मी कागदपत्रं सांभाळते. माझ्या पदाचं इंग्रजी नाव भारदस्त आहे, पण काम एवढंच की इतरांनी केलेला पसारा मी आवरते. घरीही तेच करते, इथं पगार मिळतो इतकाच फरक.

माझं बोलणं संपल्यावर एक जण हळूच म्हणाला, “मॅडम, एवढा त्रास होतोय तर कॉम्प्युटरलाच सांगा ना आवरायला.” तो चेष्टेत म्हणाला होता, मी मनावर घेतलं.

फायलींची नावं आपोआप बदलायला शिकणं तसं अवघड नाही. आपण नियम लिहायचे आणि यंत्रानं ते पाळायचे. नावात ‘कॉपी’ असेल तर काढून टाक. तारीख उलटी लिहिली असेल तर सुलटी कर. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असेल तिथं रेघ घाल. अवघड गोष्ट वेगळीच आहे. यंत्राला काहीच गृहीत धरता येत नाही, त्याला सगळं तोंडानं सांगावं लागतं. सुनेला न सांगता सगळं कळलं पाहिजे, ही आपल्याकडची अपेक्षा इथं कामाची नाही. दुसरं म्हणजे, नियम चालवण्याआधी यंत्राला विचारून घ्यायचं, की बाबा रे, तू काय काय बदलणार आहेस ते आधी नुसतं दाखव. ती यादी डोळ्यांखालून घालायची आणि मगच हो म्हणायचं. हे मी ठेचा खाऊन शिकले.

वर्षभरात माझी कीर्ती चाकणहून सांगवीपर्यंत पोचली. सांगवीत आमची सोसायटी आहे. तिचे सचिव म्हणजे आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले काका. मूळचे सांगवी गावठाणातले, पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका रविवारी ते दारात येऊन उभे राहिले.

“ताई, तुमी म्हणं कंपनीतल्या फायली मशीनकडनं आवरून घेता. आमच्या हापिसातबी जरा बघता का? लई घोळ हाय.”

घोळ म्हणजे काय ते मी जाऊन बघितलं आणि डोक्याला हात लावला. सोसायटीचे मॅनेजर कागद स्कॅन केला की त्यावरची पहिली ओळ फाइलला नाव म्हणून देत. त्यामुळे निम्म्या फायलींचं नाव ‘प्रति’ होतं आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच ‘महोदय’ होत्या. कुणी ‘विषय’ होतं, कुणी ‘श्री गणेश उत्सव वर्गणी’. मॅनेजर भला माणूस. म्हणाले, “मॅडम, मला सापडतात की सगळ्या.” त्यांना सापडत होत्या हे खरंच, पण ते आठवडाभर गावाला गेले की सोसायटीला स्वतःचा पाण्याचा अर्जही सापडत नसे.

मग पुढचे काही रविवार काका आणि मी त्या ऑफिसात बसलो. मी नियम लिहायचे आणि काका शेजारी खुर्ची ओढून शिकायचे. आधी फ्लॅटचा नंबर, मग मालकाचं नाव, मग कागद कसला ते, मग साल. नावांपाशी आलो आणि खरी गंमत सुरू झाली. कुठं श्री, कुठं श्री., कुठं मिस्टर, कुठं नुसतं एम आर. सगळ्यांचं ‘श्री.’ करायचं असं ठरलं. यंत्रानं आज्ञाधारकपणे केलं, आणि सभासदांच्या यादीत एक नवे गृहस्थ आले, ‘श्री. गणेश उत्सव’. काका हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, “ह्यांचा फ्लॅट कंचा? मीटिंगला कदी दिसले न्हाईत.”

पण त्याच रविवारी आम्हाला एक शहाणपणही आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई ऑफिसात आल्या, पडद्यावर वडिलांच्या नावाआधी कै. बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत. कालकथित म्हणतो.” त्यांचे वडील कारखान्यात काकांच्याच खात्यात, काकांच्याच शिफ्टला होते. काका खजील झाले. त्यांनी लगेच माझ्याकडून तो शब्द नियमात घालून घेतला. माणूस गेल्यावर त्याच्या नावाआधी काय लागतं ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळल्यासारखं वाटलं होतं.

आता माझ्या फ्लॅटचं सांगते. कागदोपत्री त्याचे पहिले मालक माझे यजमान, दुसरी मी. तळेगावच्या एमआयडीसीत नोकरीला होते. एके दिवशी नेहमीसारखे डबा घेऊन स्कूटरवर गेले आणि कंपनीत पोचलेच नाहीत. स्कूटर तळेगाव स्टेशनच्या स्टँडवर नीट लावलेली सापडली, हेल्मेट तिला कुलूप घालून अडकवलेलं. भांडण नव्हतं, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. पोलिसात बेपत्ता म्हणून नोंद केली. फोटो छापले, देवळं पालथी घातली, सगळं झालं. मागे मी आणि मुलगी राहिलो, पुढं तिचंही लग्न झालं. त्याला आता सात वर्षं होऊन गेली.

पहिल्या दोन वर्षांत लोक घरी येऊन धीर देत. मग धीर देणं थांबलं आणि सल्ला देणं सुरू झालं. दीर म्हणाले, “वहिनी, सात वर्षं झाली की कोर्टातून मृत घोषित करून घेता येतं. पुढच्या गोष्टी सोप्या होतात.” मी म्हणाले, “तुम्ही सोप्या गोष्टी करा, मी अवघड करते.” उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच आहे. तो विषय नंतर कुणी माझ्यासमोर काढला नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका माझ्यापाशी आल्या की त्यांचा हात करंड्यातच घुटमळतो. लावावं की न लावावं. त्यांचा दोष नाही, रीत दोनच प्रकारच्या बायकांसाठी केलेली आहे. मग मीच कपाळ पुढं करते आणि म्हणते, “लावा हो, हात आखडू नका.” मंगळसूत्र गळ्यात आहे. नावाआधी सौ. आहे. हे सगळं मी धरून ठेवलं होतं, आणि माझी समजूत अशी होती की मी ते प्रेमापोटी धरून ठेवलंय.

काका नियम लिहायला शिकले आणि त्यांना हुरूप आला. निवृत्त माणसाला नवीन हत्यार मिळालं की तो घरातला एकही स्क्रू तसाच सोडत नाही. त्यांनी माझ्यामागं एक नियम स्वतःच्या डोक्यानं घातला. हेतू चांगला होता. दोन-तीन घरांत वडील जाऊन वर्षं झाली तरी सोसायटीच्या नोटिसा अजून त्यांच्याच नावे ‘श्री.’ लावून जात होत्या, आणि त्या घरच्यांना वाईट वाटत होतं. म्हणून काकांचा नियम असा होता : एखाद्या फ्लॅटच्या कुठल्याही फाइलवर एखाद्या नावाआधी कै. असेल, तर ते नाव त्या फ्लॅटच्या बाकी फायलींत जिथं येईल तिथं कै. लाव. आणि पहिला मालक कै. झाला, तर त्याच्या बायकोचं सौ. काढून श्रीमती कर. वाचायला किती व्यवस्थित वाटतं.

मग वार्षिक सभा आली. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, चहाचा थर्मास, कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर सह्यांची यादी. यादी आता कॉम्प्युटरनं काढलेली, नावाआधीच्या श्री., सौ.सकट अक्षरांच्या क्रमानं. मॅनेजर कौतुकानं म्हणाले, “मॅडम, तुमच्यामुळं यंदा यादी कशी झकास झालीय.” मी नेहमी यजमानांच्या नावासमोर सही करते. म्हणून शेवटच्या पानांवर गेले, कारण श्री. तिथं, श वर. बोट फिरवत वरून खाली आले. नाव नव्हतं. परत वर गेले. नव्हतं.

मॅनेजर म्हणाले, “पहिल्या पानावर बघा, मॅडम.”

पहिल्या पानावर क होता. सोसायटीतली गेलेली सगळी माणसं तिथं एकाखाली एक होती. त्यांत माझ्या नवऱ्याचं नाव होतं, आधी कै. लावून. शेजारी सही करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, आधी श्रीमती.

नियम मी शिकवलेले, यंत्र मी बसवलेलं. चूक कुठं असू शकते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ते माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, कळलं शेवटी. मला वाटलं, पोलिसांचा फोन सोसायटीच्या नंबरवर आला असणार, सोसायटीवाल्यांना कळलं असणार आणि मला कसं सांगायचं म्हणून सगळे गप्प असणार.

काका माइक तपासत होते. मी त्यांच्याजवळ गेले. माझा आवाज अगदी सरळ होता, बिल भरलं का विचारावं तसा.

“काका, कधी कळलं?”

“काय कदी कळलं, ताई?”

“कुठं सापडले? तळेगावकडंच का?”

त्यांना काही उमगेना. मी यादी त्यांच्यापुढं धरली आणि नावावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. माइक हातातच होता. तो बाजूला ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

“आवो न्हाई हो ताई. न्हाई न्हाई. कुणाचा फोन न्हाई, काय न्हाई. ही मशीनची चूक हाय. माझी चूक हाय.” हे माइकमधून अख्ख्या पार्किंगला ऐकू गेलं.

पुढचं सगळं यांत्रिक होतं आणि मी ते यांत्रिकपणेच केलं. सभा तशीच सोडून ऑफिसात गेले, कॉम्प्युटर उघडला आणि थोड्याच वेळात घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं. मुलीच्या लग्नात हळदीसाठी आम्ही सोसायटीचा हॉल मागितला होता आणि अर्जाला पत्रिका जोडली होती. मॅनेजरांनी रिवाजाप्रमाणे पत्रिकेतली ओळ फाइलला नाव म्हणून दिली होती. आपल्या पत्रिका कशा असतात ते माहीतच आहे : कै. अमुक अमुक यांची नात आणि श्री. तमुक यांची कन्या. त्यातले कैलासवासी म्हणजे मुलीचे आजोबा, माझे सासरे. आपल्याकडं माणसाच्या नावात मध्ये बापाचं नाव आणि शेवटी आडनाव. म्हणजे सासऱ्यांचं नाव आणि आडनाव हे दोन शब्द माझ्या नवऱ्याच्या पूर्ण नावात शेपटीसारखे होतेच. यंत्राला दिसलं की कैलासवासी माणसाचं नाव या दुसऱ्या नावात पूर्ण सापडतंय. त्यानं कै. लावून टाकलं. बाप मेला म्हणून मुलगा मेला. आडनाव आधी लिहिणाऱ्या, बापाचं नाव न लावणाऱ्या लोकांत ही चूक झालीच नसती.

काका दारात उभे होते. आत यायला धजत नव्हते. “मी बदलाची यादी बघितली व्हती, ताई, तुमी सांगितल्यापरमानं. पर सगळी म्हाईतीतली माणसं, ज्यांच्या ज्यांच्या मयताला गेलो व्हतो ती. म्हणलं बराबर हाय. शेवटपतुर वाचलीच न्हाई.” मग म्हणाले, “तुमच्या फ्लॅटला अपवाद टाकू का? ह्या घराला हातच लावू नगंस म्हणून?”

ते कळवळून बोलत होते, पण तो शब्द मला झोंबला. इतकी वर्षं सगळीकडं मी अपवादच होते. हळदीकुंकवात, लग्नाच्या मांडवात, दिरांच्या हिशोबात. मी म्हणाले, “अपवाद नको. नियम दुरुस्त करा. पूर्ण नाव पहिल्या शब्दापासून जुळलं तरच बदल कर, असं लिहा. आणि ह्यांचं नाव परत श्री.खाली न्या.” जुनी नावं यंत्रानं जपून ठेवलेली होती. ती परत आणली, नवी यादी छापली, मी सही केली आणि चहा न घेता घरी आले.

आता जे सांगायचं आहे ते असं. यादीत कै. वाचलं तेव्हापासून काका माइकमध्ये न्हाई न्हाई म्हणेपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळात मी विधवा होते. आणि त्या वेळात मला हायसं वाटलं होतं. दुःख नंतर येईल असं मी धरून चालले होते, पण आधी आलं ते हायसं वाटणं. खांद्यावरून पोतं उतरवून ठेवावं तसं. मुलीला आधी कळवू की दिरांना, दहावा कुठून मोजायचा, तेराव्याच्या जेवणाला घरात गहू आहेत का, असल्या गोष्टी डोक्यात भराभरा आल्या आणि त्या करण्यासारख्या होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी करण्यासारखं होतं. मग काका म्हणाले चूक आहे, आणि मला संताप आला. माझा संताप त्यांनी चूक केली यावर नव्हताच. ती नुसती चूकच निघाली, यावर होता.

मला स्वतःची किळस आली. जिवंत असेल तर कुठंतरी भाकरी खात असलेल्या माणसाचं मरण ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला होता, आणि तोही कपाळावर कुंकू लावून.

दुपारी मुलीकडं गेले. ती माण गावात राहते, तिथंच आयटी पार्कात नोकरी करते. जावई मित्राकडं गेले होते. मी तिला सगळा किस्सा हसत हसत सांगितला. माइक, काका, पार्किंगमधल्या बायकांची तोंडं. ती हसली नाही. भांडी विसळता विसळता तिनं विचारलं, “मग तुला काय वाटलं?”

“काय वाटणार? धक्का बसला.”

“आई, खरं सांग.”

माझी मुलगी माझ्यावरच गेली आहे, तिच्यापुढं नाटक चालत नाही. मी ओट्याकडं बघत म्हणाले, “हायसं वाटलं.”

तिनं नळ बंद केला. विसळलेली भांडी पाठमोरीच पालथी घालू लागली. मला वाटलं, आता ही मला काय म्हणेल. बापाची लाडकी होती ती. मग ती वळली तेव्हा तिचा चेहरा रडून ओला झाला होता.

“अनोळखी नंबरवरून फोन आला की दर वेळी मला वाटतं, आज सांगून टाका एकदाचं,” ती म्हणाली. “पत्रिकेत बाबांच्या नावाआधी श्री. छापलं तेव्हा मी ते कितीतरी वेळ बघत बसले होते. मला वाटायचं, असं वाटणारी मी एकटीच आहे. तुझ्यापुढं तर बोलायची सोयच नव्हती. तू इतकी घट्ट धरून होतीस.”

“मी तुझ्यासाठी धरून होते गं.”

“आणि मी तुझ्यासाठी.”

मग आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडलो. ते गेल्यापासून आम्ही एकत्र कधी रडलोच नव्हतो. मी तिच्यासमोर खंबीर आणि ती माझ्यासमोर खंबीर, असं चाललं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण एकाच घरात दोघींचं जळत होतं आणि एकीलाही दुसरीचं कळलं नव्हतं. तिनं चहा केला. त्यांच्या आवडीनिवडींबद्दल आम्ही खूप बोललो, आणि बोलताना पहिल्यांदाच ‘बाबांना आवडायचं’ असं म्हणालो. आजवर ‘आवडतं’ म्हणत होतो.

पुढच्या आठवड्यात मी अर्धी सुट्टी टाकली. मुलगीही आली. पिंपरीत कोर्टाजवळ एका वकीलबाईंचं ऑफिस आहे, तिथं गेलो. बाई माझ्यापेक्षा लहान, कामाला चटपटीत. त्यांनी पोलिसांचा कागद बघितला, तारखा बघितल्या, म्हणाल्या, “वेळ लागेल, पण होईल.” आणि कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. असे अर्ज त्यांच्याकडं तयारच असतात, नावं तेवढी बदलायची. नवऱ्याचं नाव त्यांनी टाइप केलं. माझं नाव टाइप केलं. मग माझ्या गळ्याकडं आणि कपाळाकडं नजर गेली तशा थांबल्या.

“अर्जदाराच्या नावाआधी काय लिहू?” त्यांनी विचारलं. “या अर्जात आम्ही बहुतेक वेळा श्रीमतीच लिहितो.”

मुलीनं माझा हात धरला.

“आज सौ. लिहा,” मी म्हणाले. “आज सौ.च आहे मी. ह्यांच्याकडून बायको म्हणून शेवटचं मागायला आलेय, सुटका.”